ओहायोचा केविन

३ फेब्रुवारी
लेकीचा, इलाचा न्यूयॉर्कहून फोन. तिचं म्युझिकल ब्रॉडवेवर लागणार. नाव 'एक्झॅक्ट चेंज', म्हणजे नेमके सुटे पैसे. एक टोलनाका, पाच नट आणि दोन तास गाणी. टोल घेणाऱ्या बाईची नोकरीतली शेवटची पाळी, एवढंच कथानक. चौदा मार्चपासून प्रीव्ह्यू, म्हणजे मोठ्या ओपनिंगआधी तिकीट लावून केलेले प्रयोग. इला त्यात अंडरस्टडी आहे. नायिका आजारी पडली तर इला स्टेजवर. नाही पडली तर इला ड्रेसिंग रूममध्ये.
मी विचारलं, इन्शुरन्स देतात का? म्हणाली, देतात. मी म्हणालो, बरं. शेवटी तिच्या आईने, नंदाने फोन ओढून घेतला आणि आनंदाने रडली.
मला आनंद झाला नाही असं नाही. पण मुलांचं तोंडावर कौतुक करायचं नसतं, शेफारतात. माझ्या वडिलांनी माझं एकदाही केलं नाही. म्हणून तर आज मी टेक्सासात शुगर लँडला पाइपलाइन कंपनीत सीनियर इंजिनियर आहे.

५ फेब्रुवारी, सकाळी
या नाटकाच्या चाहत्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे! नाटक अजून लागायचंय, चाहते आधीच हजर. न्यू जर्सीत एका चर्चच्या तळघरात सुरुवातीचे प्रयोग झाले, ते पाहिलेली मंडळी. दिवसभर नायिकेचे फोटो, नायिकेचे केस, नायिकेचा स्वेटर. इलाचं नाव औषधालाही नाही.
नुसतं वाचण्यासाठी मेंबर झालो. स्वतःच्या नावाने होण्यात अर्थ नव्हता, आडनाव एकच. म्हणून केविन. वय चोवीस, राहणार ओहायो. एकदा तिथल्या कोलंबसला विमान बदललं होतं, त्यामुळे त्या भागाची मला चांगली माहिती आहे.
निश्चय: एक अक्षरही लिहायचं नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी
लिहिलं. एकच ओळ. इला नावाची अंडरस्टडी चांगली आहे म्हणतात.

९ फेब्रुवारी
ग्रुपची प्रमुख 'मेझनीन मॅगी'. कॉलेजात शिकते, वय बावीस. तिने विचारलं, केविन, तू इलाला कुठे पाहिलंस? केविनने ऑस्टिनच्या कॉलेजातला प्रयोग सांगितला. खोटं नाही. मी गेलोच होतो. शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि नंतर इलाला एवढंच म्हणालो होतो की पार्किंग फार महाग आहे.
केविनने मात्र दोन परिच्छेद लिहिले. ती गायला लागली तेव्हा शेवटच्या रांगेतला माणूस दिवे लागल्यावरही उठू शकला नाही, असं लिहिलं. इंग्रजी छान उतरलं. बऱ्याच जणांनी बदामाचं चिन्ह टाकलं. मॅगी म्हणाली, तू कवी आहेस. नंदाला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी
केविनला जगवणं सोपं नाही. ओहायोत बर्फ पडलं की लोक विचारतात, रस्ता मोकळा झाला का? इथे एसी चालू. बनियनवर बसून लिहिलं की बोटं गारठलीत. रोज सकाळी आधी ओहायोचं हवामान बघतो, मग माझं.
इलाबद्दल आता बारीकसारीक माहिती पेरतोय. ती गाण्याआधी दाढेखाली लवंग धरते. तिला कबुतरांची भीती वाटते. क्वीन्समध्ये लॉन्ड्रीच्या वर राहते. चाहत्यांना असे तपशील आवडतात. लोक अवाक झालेत. काल कोणीच काही उत्तर दिलं नाही.

२१ फेब्रुवारी
केविनला मॉडरेटर केलं. म्हणजे आता भांडणं मिटवायचं काम माझ्याकडे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये व्हॉल्व्हचा विषय चालू असताना मी दोन मुलींचा पोस्टरच्या रंगावरून समेट घडवत होतो. व्हॉल्व्हबद्दल मला काही विचारलं. मी म्हणालो, दोघींचंही बरोबर आहे.
निश्चय: शनिवारपासून केविन बंद.

२३ फेब्रुवारी
शनिवार होऊन गेला. मॅगीला सर्दी आहे, ग्रुप सांभाळायला दुसरं कोणी नाही. आजारी माणसाला सोडून जाणं केविनच्या स्वभावात नाही.
व्हिडिओ कॉल करू या म्हणतात. केविनचा घसा बसला असं कळवलं. त्यावर पंचवीस जणांनी उपाय पाठवले. एकाने सांगितलं, लवंग धर, इला धरते तशी. माझीच माहिती मलाच.

२७ फेब्रुवारी
थोडा गैरसमज. केविनने एवढंच लिहिलं की देव न करो, पण नायिकेचा घसा पहिल्याच दिवशी बसला तर इलाचं सोनं होईल. त्यापुढे, न्यूयॉर्कमध्ये सध्या फ्लूची साथ आहे हीही माहिती दिली. लोक खवळले. खुलासा केला की घसा कायमचा जावा असं नाही, तीन-चार आठवडे पुरे. तरी खवळलेलेच. या लोकांना साधी सदिच्छा कळत नाही.
संध्याकाळी इलाचा फोन. प्रीव्ह्यूला येताय का? नंदा म्हणाली, येतोच. मी म्हणालो, तू स्टेजवर नसणार, मग बघायचं काय? ती ओके म्हणाली. समजूतदार आहे.

३ मार्च
सगळे पहिल्या प्रीव्ह्यूला थिएटरबाहेर भेटणार. टोलनाक्यावरच्यासारखी नारिंगी जॅकेटं घालून. मॅगीने विचारलं, केविन, येशील ना? आम्हाला तुला बघायचंय. केविन म्हणाला, नक्की. काय म्हणणार दुसरं? सगळ्यांसमोर विचारलं.
आता केविनला संपवायला हवं. अलास्कात नोकरी? लग्न? अपघात नको, पुन्हा पंचवीस जण उपाय पाठवतील.

७ मार्च
इलाचा फोन. मलाच मागितलं, पण नंदाने स्पीकर लावला. आवाज वेगळा होता. म्हणाली, बाबा, प्लीज तू ये. एक माणूस माझ्या मागे लागलाय. ऑनलाइन. त्याला माझी लवंग माहितीये, माझं घर माहितीये, आणि आमच्या लीड ॲक्ट्रेसचं वाईट व्हावं असं लिहितो. स्टेज मॅनेजरने सिक्युरिटीला कळवलंय. आय ॲम रिअली स्केअर्ड, बाबा. प्रीव्ह्यूच्या दिवशी तू माझ्याबरोबर थांबशील?
इतक्या वर्षांत पोरीने पहिल्यांदा खास मलाच बोलावलं.
मी म्हणालो, घाबरू नको, मी आहे. नंदा म्हणाली, लवंग? ती तर तिला घरी मीच सांगितली होती. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी फ्रिज उघडून आत बघत राहिलो.

८ मार्च
प्रश्न निकालात. अकाउंट डिलीट केलं. केविन नाही, तर भीती नाही. इंजिनियरिंगमध्ये यालाच मूळ कारण दूर करणं म्हणतात. हलकं वाटलं.

९ मार्च
इलाचा फोन. तो माणूस ग्रुपवरून अचानक गायब झालाय. स्टेज मॅनेजर म्हणते, ही जास्त वाईट खूण आहे. तो निघाला असणार.

१३ मार्च, न्यूयॉर्क
निघालोच होतो, आलो. नंदाही आहे. इलाने मला मिठी मारली, नेहमीपेक्षा घट्ट. दिवसभर तिच्या दोन पावलं मागे चालतोय. कोणी तिच्याकडे बघितलं की मी त्याच्याकडे बघतो. सिक्युरिटी गार्डने मला केविनचं वर्णन दाखवलं. गोरा, वीस ते तीस, एकलकोंडा. मी म्हणालो, एकलकोंडा नसावा, कवी मनाचा वाटतो. गार्डने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं.

१४ मार्च
पहिला प्रीव्ह्यू झाला. नायिकेची तब्येत ठणठणीत. दोन तास मी स्टेजकडे बघत मनातल्या मनात नायिकेच्या जागी इलाला उभी करत होतो. प्रत्येक गाण्यात. तिने कुठे श्वास घेतला असता तेसुद्धा मला कळत होतं.
संपल्यावर इलाला आणायला स्टेज डोअरला गेलो. नट बाहेर पडतात ते हे मागचं दार. चाहते इथेच सह्या घ्यायला थांबतात. कठड्यापाशी नारिंगी जॅकेटांची गर्दी. मधोमध मॅगी, जॅकेटवर नाव होतं. पन्नाशीची निघाली! लोक स्वतःच्या वयाबद्दल इतकं खोटं बोलतात, कमाल आहे. तिच्या हातात बोर्ड. आम्ही इलासाठी थांबलोय, असं मोठ्या अक्षरांत. नायिकेसाठी नव्हे. इलासाठी. मागे आठ-दहा जण तेच नाव घेत होते.
गार्डने मला आत सोडलं. म्हणाला, धोका आहे, तिला बाजूच्या दाराने न्या. नाही म्हणावं, तर ते लोक इलासमोर केविनबद्दल बोलणार. मॅगी बोलघेवडी आहे, मला माहीत आहे. त्यामुळे कचऱ्याच्या डब्यांच्या गल्लीतून इलाला टॅक्सीपर्यंत नेलं. नंदा अजून थिएटरबाहेरच होती, ती नंतर ट्रेनने येणार होती.
टॅक्सीत इलाने विचारलं, बाबा, स्टेज डोअरला खूप लोक होते का? माझ्यासाठी कोणी होतं? म्हणजे, तो सोडून?
मी म्हणालो, कोणी नव्हतं.
तिला बरं वाटलं असणार. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. पोर सुरक्षित आहे हे महत्त्वाचं.

१५ मार्च
इलाकडे सकाळी पोहे. नंदाने फोन काढला आणि इलासमोर ठेवला. फोटोत नारिंगी जॅकेटं, मॅगी, बोर्ड आणि मधे हसणारी नंदा. नंदा म्हणाली, मी विचारलं त्यांना, हिला कसं ओळखता? तर म्हणाले, ओहायोचा एक मुलगा सारखं तिच्याबद्दल लिहायचा. पुढे विचित्र वागला, पण लिहायचा मनापासून. पाऊण तास थांबले होते गं ते तुझ्यासाठी.
इलाने फोटो मोठा करून बोर्ड वाचला. मग मला विचारलं, बाबा, यू सेड नोबडी. मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. लिंबात रस उरला नव्हता तरी पिळत होतो. ती म्हणाली, त्याने लिहायच्या आधी लवंग आपल्या तिघांनाच माहिती होती. आईला टायपिंग येत नाही.
  या घरात खालच्या लॉन्ड्रीचा आवाज फार येतो.
मला वाटलं ती चिडेल. तयारी होती. पण तिने जुन्या पोस्ट तिच्या फोनवर उघडल्या. स्टेज मॅनेजरने पुरावा म्हणून साठवून पाठवल्या होत्या. ऑस्टिनची काढली आणि मला वाचून दाखवली, सावकाश. शेवटच्या रांगेतला माणूस दिवे लागल्यावरही उठू शकला नाही, इथे थांबली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, बाबा, इज इट ट्रू? तुला असं वाटलं होतं?
मी म्हणालो, ते केविनचं मत आहे.
ती म्हणाली, आणि तुझं?
म्हणालो, आधी स्टेजवर तर उभी राहा, मग बघू.
तिने मान हलवली, ताटली सिंकमध्ये ठेवली आणि रिहर्सलला निघून गेली.  केविनने काय उत्तर दिलं असतं ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. पण त्याचं अकाउंट मी डिलीट केलंय.