हळद नव्हे, भंडारा

मिशन कंपाउंड, शिरूर
बुधवार, १६ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप बन्यामीन मामांस भाचा दावीद याचा मान लववून सलाम.

प्रभूच्या दयेने आम्ही इकडे खुशाल आहोत. (आईचा गुडघा सोडून. तो माझं लग्न ठरेपर्यंत खुशाल होणार नाही, असं तिनेच जाहीर केलं आहे.) तुमची पाठ कशी आहे? इंजिनाच्या भट्टीपुढे उभं राहायचं म्हणजे पुढून शेक आणि मागून गार वारा, त्यात पाठीने तरी काय करावं! आईने निर्गुडीचं तेल काढून ठेवलं आहे, पाठवतो. मामींची तब्येत उत्तम असल्याचं मी शनिवारी समक्ष पाहिलं. त्यांचा आवाजही उत्तम असल्याचं तर दौंडच्या सगळ्या रेल्वे कॉलनीने ऐकलं.

तेव्हा मुद्द्यालाच हात घालतो. मामींनी तुम्हाला शनिवारची जी हकिगत सांगितली असेल ती शब्दन् शब्द खरी आहे. दुपारच्या चहाला बोलावलेला मी दिवेलागणीच्या सुमारास नथानिएल गार्डसाहेबांच्या दारात पोचलो, हे खरं. लाल उघड्या मोटारीतून पोचलो, डोक्याला फेटा होता, गळ्यात झेंडूची माळ होती आणि मोटारीच्या नाकावर नारळ बांधलेला होता, हेही खरं. आणि मी केसांपासून कोपरांपर्यंत पिवळाधमक होतो, हे तर मला अजून आरशात दिसतं आहे. फक्त ती हळद नव्हती, मामा. भंडारा होता. तुम्ही त्या दिवशी ऐन वेळी मालगाडी घेऊन मनमाडकडे गेलात, नाहीतर सगळं तिथल्या तिथे निस्तरलं असतं. आता तुम्ही एवढंच करा. हे पत्र आधी स्वतः वाचा, आणि मग गार्डसाहेबांची ड्यूटी संपून, जेवण होऊन ते खुर्चीत टेकले की त्यांना सावकाश वाचून दाखवा. मी पुढे कितीही वेडंवाकडं लिहिलं तरी एक गोष्ट सरळ आहे: मला हन्नाशीच लग्न करायचं आहे, आणि तिच्या वडिलांनी माझ्या तोंडावर दार लावलं आहे.

माझं मोटारींचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. (मी त्याला अभ्यास म्हणतो, पण असो.) आमच्या मिशनच्या दवाखान्यात विलायतेहून औषधांची खोकी येतात. बाटल्या फुटू नयेत म्हणून त्यांना जुने कागद गुंडाळलेले असतात, आणि तिकडे खोकी भरणारा जो कोणी आहे तो माझाच भाऊ असला पाहिजे, कारण ते कागद हटकून मोटारींच्या साप्ताहिकाचे असतात. मिससाहेब बाटल्या मांडून घेतात, मी कागद मांडीवर घेऊन सरळ करतो. त्यामुळे फ्रान्सातली ती रात्रंदिवस चालणारी शर्यत मला तोंडपाठ आहे. पहाटेच्या धुक्यात कोण पुढे होतं, कुणाचा गिअरबॉक्स गेला, कुणी चाक बदलताना हात भाजून घेतला, सगळं सांगतो. फक्त शेवटी जिंकलं कोण ते सांगता येत नाही, कारण ते पान एरंडेलाच्या बाटलीभोवती होतं आणि नेमकी तीच बाटली फुटली. आजवर ही शर्यत मी ज्यांना ज्यांना सांगितली ते मध्येच उठून गेले. (तुम्हीसुद्धा, मामा. तुम्हाला ड्यूटी होती असं मी धरून चाललो आहे.) गेल्या नाताळात दौंडच्या चर्चबाहेर मी ती हन्नाला सांगितली. ती उठली नाही. शेवटी तिने विचारलं, "मग पहिलं कोण आलं?" मला सांगता येईना, तशी ती अशी काही चिडली की मी त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं.

गार्डसाहेबांचं मन मात्र उलट्या दिशेचं. ज्याची सारी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढच्या ड्रायव्हरला आवरण्यात गेली (तुम्हाला आवरण्यात म्हणत नाही, एकूण ड्रायव्हरांना), त्याला भरधाव हा शब्दच पाप वाटणार. त्यांनी तुमच्याकडे निरोप दिला होता, मुलगा मोटारवेडा आहे असं ऐकतो, वेळेवर येतो का ते आधी पाहू. मी मनात म्हटलं, वेळेआधी पोचून दाखवतो.

शनिवारी दुपारी दवाखान्याची व्हॅन जागेवर लावून, पांढराशुभ्र शर्ट घालून मी एस.टी. स्टँडवर गेलो. आणि मामा, तिथे चिंचेच्या सावलीत ती उभी होती. एम.जी.! कागदावर इतकी वर्षं पाहिलेली, आयोडीनच्या डागांतून ओळखीची झालेली एम.जी. तारांची चाकं, पाठीवर जादा चाक, पुढची काच हवी तेव्हा बॉनेटवर पालथी पाडता येते, आणि बॉनेटवरून कातड्याचा रुंद पट्टा. तिला टप नाही, मागे बसायला जागा नाही, दोनच माणसं आणि बाकी सगळं इंजिन. मालक होते पुण्याच्या कॅम्पातले जालशेठ नावाचे पारशी गृहस्थ. यांनी ह्याच हिवाळ्यात मुंबईला जुहूच्या विमानतळावर शर्यतीत तिसरा नंबर काढलेला. नगरला मित्राकडे निघाले होते, वाटेत पेट्रोलमध्ये कचरा येऊन गाडी अडली होती. मी पुढे होऊन त्यांना दोन कार्बोरेटरांमधलं संतुलन ह्या विषयावर चार शब्द सांगितले. ते मान डोलवत होते. माझं बोलून झालं तेव्हा कचरा निघून इंजिन सुरू होऊन बराच वेळ झाला होता, आणि दौंडची एस.टी. माझ्या पाठीमागून निघून गेली होती. (कंडक्टर म्हणतो, त्याने तीन हाका मारल्या. मारल्या असतील.)

मी तिथेच मटकन बसलो. जालशेठांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छोकरी तिथे वाट बघते ने तू इथे कार्बोरेटर बघते? बस आत!" आणि नगरकडे तोंड केलेली गाडी त्यांनी जागच्या जागी न्हावऱ्याच्या रस्त्याला वळवली. पुढचं वर्णन गार्डसाहेबांना वाचताना जरा गाळा. काच पालथी पाडली होती, त्यामुळे वारा थेट दातांवर येत होता. बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्ता हाताला लागेल इतकी ती बुटकी, बैलगाडीची चाकं डोक्यावरून गेल्यासारखी वाटायची. गिअर उतरवताना ती जी डरकाळी फोडते ती ऐकून माझे डोळे भरून आले. जालशेठ म्हणाले वाऱ्याने. मी म्हटलं, व्हय, वाऱ्यानेच.

असेच गेलो असतो तर एस.टी.च्या आधी दौंड गाठलं असतं. पण न्हावऱ्याच्या पुढे एका गावाची जत्रा लागली आणि रस्ता माणसांनी भरलेला. शेजारच्या घाटात, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढणीवर, बैलगाड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. जत्रेचे कर्तेधर्ते हौसराव म्हणून बडे बागाईतदार, पांढऱ्या मिशा, हातात चाबूक. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरचा पट्टा बोटाने ताणून पाहिला, आणि ताकद किती म्हणून विचारलं. मला गप्प बसवेना. मी सांगितलं, चोपन्न घोड्यांची.

"चोपन्न?" हौसराव म्हणाले. "आमच्या गाड्याम्होरं येकच घोडी आस्ती, पर ती दिसती तरी. तुमची कुठं हायेत?"

जालशेठांनी हौसेने पट्टा सोडून बॉनेट उघडलं. हौसरावांनी बराच वेळ वाकून पाहिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "ह्यात तर न्हाईत." झालं. गावभर हशा पिकला, आणि जालशेठांमधला जुहूचा तिसरा नंबर जागा झाला. त्यांनी विचारलं, घाटात पळवू का? मी त्यांच्या बाहीला धरून हन्नाचं नाव घेत होतो, पण ते मला ऐकू गेलं, त्यांना नाही.

आता आपल्याकडच्या घाटाची रीत तुम्हाला सांगायला नको, पण गार्डसाहेब खानदेशातले, त्यांना समजावून सांगा. चढणीवर बैलगाडा सोडायचा, त्याच्यापुढे स्वाराने घोडी पळवायची, आणि घोडीमागे बैल चवताळून धावतात. अशा एका धावेला बारी म्हणायचं. हौसराव म्हणाले, मोटारीपुढेही घोडी पाहिजेच. जालशेठांनी नाना परीने सांगितलं की हिला लागत नाही. "मग तिला कळायचं कसं, कुठं जायाचं त्ये?" हौसरावांनी विचारलं. ह्यावर विलायतेतल्या एकाही पानात उत्तर नव्हतं. शिवाय त्यांच्या आज्याच्या वेळेपासून त्या घाटात घोडीशिवाय काही पळालेलं नव्हतं, आणि घोडीला मागे टाकणं म्हणजे बारी बाद. तेव्हा रखमाजी नावाचा स्वार आपली पांढरी घोडी घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. मोटारीला माळा घातल्या, नाकावर नारळ बांधला. जालशेठांच्या डोक्यावर कातडी टोपी होती म्हणून मानाचा फेटा मला बांधला. चौघा गड्यांनी बैल धरावेत तसे मोटारीचे मडगार्ड घट्ट धरले, आणि इंजिन गरजायला लागलं तरी सोडेनात, कारण त्यांच्या मते जनावर अजून पुरतं तापलं नव्हतं.

निशाण पडायच्या आतच घोडी उधळली. तिने जन्मात पाठीमागून असला आवाज ऐकलेला नव्हता. गड्यांनी हात सोडले, मोटार ढेकळांतून उसळली, मी फेटा धरला, फेट्याने मला धरलं. मामा, ती चढण मी जन्मभर विसरणार नाही. चोपन्न घोडे एका घोडीच्या शेपटामागे! जालशेठांच्या पायाखाली अजून कितीतरी वेग शिल्लक होता, दोनदा बाजूने वाट दिसली, दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा मीच ओरडलो, नियम, नियम! वर पोचलो तर दोन्ही अंगांनी टोपल्यांनी गुलाल आणि भंडारा आला. मोटार थांबली. घोडी थांबली नाही. ती पलीकडच्या कांद्याच्या वाफ्यांतून थेट घरी गेली. पंचांनी एकमताने निकाल दिला की दिवसातली सर्वांत वेगवान बारी हीच, आणि ती घोडीने जिंकली. हौसरावांनी जालशेठांच्या पाठीवर हात ठेवून धीर दिला, "आवो, तुमचीबी बरी पळली. जरा वयात येऊ द्या." त्यानंतर पंगतीला बसल्याशिवाय कोण सोडतो?

भीमेवर गाडी थांबवून मी तोंड, हात, शर्ट सगळं खसखसून धुतलं. गुलाल गेला. भंडारा मात्र ओला होऊन जास्तच मुरला. जालशेठांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, चेहरा उजळ दिसतो.

बाकी तुम्हाला ठाऊक आहेच. कॉलनीत वळलो तेव्हा गार्डसाहेब व्हरांड्यात उभे होते. आमचा वेग पाहून त्यांचा हात सवयीने कोनाड्यात गेला आणि त्यांनी लाल झेंडी बाहेर काढली. जालशेठांनी जागच्या जागी ब्रेक मारला. (हे त्यांना जरूर सांगा. मोटारींच्या शर्यतीतही लाल म्हणजे थांबा, आणि जातिवंत शर्यतवाला तो मोडत नाही.) पण तोवर सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. मामी धावत आल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला, "आरं, आईला न्हाई, मामाला न्हाई, आन् हळद लावून आलास व्हय रं!" मी तोंड उघडलं तर आत धूळ. मग जालशेठ मदतीला धावले. त्यांनी हात जोडून सांगितलं, साहेब, मुलगा सोनं आहे, पूर्ण वेळ घोडी पुढे होती ने आम्ही मागे, गावाने जेवण पण दिला. फेटा, माळ, नारळ, हळद, घोडी, गावजेवण! मागणी घालायला बोलावलेला मुलगा वरात काढूनच आला, असा गार्डसाहेबांचा समज झाला तर त्यात त्यांची काय चूक? "इथं अजून कुणी हो म्हटलेलं नाही," एवढंच बोलून त्यांनी दार लावलं. पडद्यामागे कुणीतरी हसलं. ते हन्नाचं हसणं होतं. त्यावरच मी चार दिवस काढतो आहे.

तरी मामा, ती हळद नव्हती, हे त्यांच्या मनात भरवून द्या. माझ्या जन्माचं कल्याण तुमच्या जिभेवर आहे. थोरांना सलाम, लहानांना गोड पापा, आणि पाठीला जपा.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारा,
दावीद

ता.क. पाकीट चिकटवून टपालात टाकायला निघालो तर स्टँडवर दौंडच्या एस.टी.चा कंडक्टर भेटला. (तोच, तीन हाकांवाला.) मामींनी त्याच्याबरोबर तोंडी निरोप पाठवला आहे. मी उघडून पुढे लिहितो. रविवारी चर्च सुटल्यावर पाद्रीसाहेबांनी सर्वांदेखत गार्डसाहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं म्हणे. स्टेशनमास्तरांनी पेढे मागितले. पॉइंट्समनच्या बायकांनी लग्नाची गाणीसुद्धा म्हणून दाखवली. सगळ्या कॉलनीने हळद डोळ्यांनी पाहिलेली, आता नाही कुणाकुणाला म्हणायचं? मंगळवारी गार्डसाहेब मामींना म्हणाले, एकदा दिलेला सिग्नल मागे घेतला की अपघात होतो. मे महिन्यात लग्न! अट एकच, हळद झालेली आहे, ती पुन्हा लावायची नाही.

तेव्हा मामा, वरचं सगळं विसरा. त्यांना एक अक्षर वाचून दाखवू नका. हळदच होती. चांगली घरची, कुटलेली हळद होती. कुणी भंडाऱ्याचं नाव काढलं तर तुम्हीच त्याला गप्प करा, आणि हे पत्र पुढच्या फेरीला न चुकता इंजिनाच्या भट्टीत टाका.

आणखी एक ता.क. भट्टीत टाकण्याआधी हन्नाला एकदा वाचायला द्या. मामींच्या निरोपाच्या शेवटी तिचाही एक प्रश्न आहे (वरात नव्हे, शर्यत होती, हे तिने एकटीनेच ओळखलेलं दिसतं): पहिलं कोण आलं? ह्या वेळी मला ठाऊक आहे, आणि नेमकं तेच तिला सांगवत नाही. तेवढं पान तुम्ही एरंडेलात भिजवा.