रविवारचा उपास

सातारा, ८ मार्च १९४६

ती. सौ. प्रमोदिनीआत्यास,
उमाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आजोबांच्या जन्मशताब्दीच्या सभेत वाचायच्या चरित्राची पाने मागे पाठवली, त्यांत माझी मोठी चूक आहे. गोव्याहून ते साताऱ्यास शिकायला आले, सहा वार सहा घरी जेवले आणि रविवारी निष्ठेने उपास केला, असे मी लिहिले. पुढे वकील झाले, म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले, तरी उपास सोडला नाही, असेही. म्हणून तर आपण सगळे अजून रविवारी साबुदाणा खातो.

आत्या, तो उपास नव्हताच! रविवारी ते माहुलीला रंगुबाई भोईणीकडे मासे-भाकरी जेवत. रंगुबाईंची लेक हरणाबाई परवा काठी टेकत घरी आली. म्हणाली, की वकील लय खादाड, ताटात काटासुदिक ठेवत न्हवता, असं आय सांगायची. शताब्दीच्या सभेत आयचं नाव तेवढं घ्या, म्हणाली. मी शब्द दिला.

रंगुबाईंचे नाव मी चरित्रात घातले, तर मधुकाकांनी ते वाक्य खोडले. मी पुन्हा लिहिले, त्यांनी पुन्हा खोडले. चिडून रडू येते. तुम्ही त्यांना समजवाल ना?

तुमचा जीव माझ्यावर असाच राहू द्या.
उमा

सांगली, १३ मार्च १९४६

चि. उमास अनेक आशीर्वाद.

अग वेडे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा माहुलीच्या संगमावर ध्यानाला म्हणून जात आणि मासळीचा वास घेऊन येत. आई नाक मुरडून साबुदाणा पुढे करी, तोही ते मुकाट्याने संपवीत.

पण तू गप्प बस. मिरजेच्या मंडळींना आपले घर सोवळ्याचे म्हणून पसंत आहे. सभेला तीही येणार. एकदा तुझ्या डोक्यावर अक्षता पडू देत, मग काय हवे ते वाच.

रागावू नकोस, जेवत जा.
तुझी आत्या

सातारा, १९ मार्च १९४६

ती. सौ. आत्यास,
उमाचा नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र वाचून आधी हसले, मग संताप आला. काकांना विचारले, तर त्यांनाही ठाऊक! ठाऊक सगळ्यांना, आणि उपाशी मात्र मी.

लग्नापर्यंत थांबायला हरणाबाईंकडे वेळ नाही. आताच त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. मिरजेला मी स्वतःच सारे लिहून कळवले आहे. उत्तर आलेले नाही. येईल तसे येवो.

हरणाबाईंना मी पहिल्या रांगेत बसवीन आणि वाचनाच्या आरंभीच रंगुबाईंचे नाव घेईन, मोठ्याने. तुम्ही रागावलात तरी माझी माया कमी होणार नाही.

सभा येत्या रविवारी, २४ मार्चला आहे.

उमा