रस्त्यापलीकडची रेष

४ मार्च

ती. दादास,
रस्त्याच्या बेल्जियन बाजूकडून शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस आणि मी खिडकीतून हात केला की पडदा ओढतोस, म्हणून हे पत्र. आपल्या दारांमधला हा रस्ताच दोन देशांची सीमा; मला तो ओलांडायला मांजराइतकाच वेळ लागतो, पण पत्र आधी ब्रसेल्सला जाणार, मग तुमच्या राजधानीत, मग तुझ्या दारात. तोवर तुझा राग थोडा निवला तर पोस्टाचे उपकार.

शाळेतला तो तक्ता मी तुझ्यावर नेम धरून लावलेला नाही. सहावीच्या मुलांना मी युरोपातल्या देशांचा गेल्या तीस वर्षांचा दरडोई कार्बन काढायला दिला होता. देशाचा सगळा धूर भागिले देशातली माणसं, इतकं साधं गणित. स्वीडनची रेष तळाशी, पोलंडची रेंगाळत खाली येणारी, आमची बेल्जियमची मधोमध, आणि तुमच्या लक्झेंबर्गची सगळ्यांच्या डोक्यावर. त्या रेषेच्या टोकाला कुणीतरी पेट्रोलपंप आणि मिशीवाला माणूस काढला, त्यात माझा हात नाही. मिशी हुबेहूब जमली आहे, एवढं मात्र म्हणेन.

आता मुख्य गोष्ट. मेच्या दुसऱ्या शनिवारी क्लेमांसचं लग्न आहे. तिचे वडील असते तर मी तुझ्या पाया पडले नसते. पोरीला हाताला धरून वेदीपर्यंत न्यायला आता मामाच आहे. आणि तू वहिनीकडून निरोप धाडतोस की तक्ता उतरेपर्यंत चर्चची पायरी चढणार नाही. दादा, आकडे खरे आहेत, मी ते उतरवणार नाही. पण पोर एकटी चालत गेलेली मला बघवणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो या रस्त्यावर कुठे सांडला असेल तर उचलून ठेव.

तुझी,
ओडील


१३ मार्च

चि. ओडीलला,
अनेक आशीर्वाद, पण मोजून.

पत्र पोचलं. राग निवला नाही, पोस्टाला तसं कळव.

तुझ्या मुलांची रेष मी पाहिली. तू शाळेत नसताना गेलो होतो. वर आहे ते वर आहे, पण खाली किती उतरली ते कुणी बघितलं का? आमच्या दक्षिणेकडच्या पोलादाच्या भट्ट्या विजेवर गेल्या तेव्हा ती रेष जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली. इतकी घसरण तुमच्या बेल्जियमला तीस वर्षांत जमली नाही. त्याबद्दल कुणी फूल काढलं नाही, मिशी तेवढी काढली.

दुसरं. तेल जिथे विकलं जातं तिथला धूर मानतात, हे तू मुलांना सांगितलंस का? माझ्या पंपावर दिवसभर उभ्या असतात त्या गाड्या कुणाच्या? बेल्जियनांच्या. आमच्याकडे स्वस्त म्हणून येतात, टाकी भरतात आणि धूर सोडत तुमच्या जंगलांतून घरी जातात. धूर तुमचा, हिशेब आमच्या डोक्यावर. आम्ही माणसं मूठभर, त्यामुळे भागाकारात ते पाप प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर येतं.

आणि तुझी लाल गाडी. भांडण झाल्यापासून तू माझ्याकडे येत नाहीस, शेजारच्या पंपावर भरतेस. तोही आमच्याच बाजूला आहे, बाई.

वहिनी रविवारी तुझ्यासाठीही मांस आणि शेंगा शिजवते, मग मलाच दोन वेळा खावं लागतं. क्लेमांसबद्दल मी काही लिहीत नाही. तक्ता उतरव.

तुझा,
अलोइस


२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाडीचं तू म्हणालास ते बरोबर आहे. मी शिक्षिका असून माझ्या लक्षात आलं नाही. मुलांना सांगितलं तेव्हा एकीने हात वर करून विचारलं की बाई, मग तुमचा धूर लक्झेंबर्गच्या रेषेत आहे का. मी होय म्हटलं. वर्ग फार खूश झाला.

आम्ही तक्ता उतरवला नाही, त्यात भर घातली. परदेशी गाड्यांचं तेल वगळून तुमच्या देशाची दुसरी रेष तुटक-तुटक काढली. ती बरीच खाली आली. पण तरीही आमच्या वरच आहे, दादा. मी काय करू, तुम्ही घरंही भट्टीसारखी तापवता.

आता माझं ऐक. आपल्या भांडणाचं मूळ तक्त्यात नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. बाबांना पुरलं त्या दिवशी तू पंप उघडा ठेवलास. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तुझ्या पंपाच्या नळ्या खडखडल्याचा आवाज आत येत होता. मी तेव्हा बोलले नाही, आणि बहुतेक तेच त्या रेषेला लावून बोलले. ते मला लागलं होतं आणि अजून लागतं.

लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवणार आहे. बसायचं की नाही तू बघ.

तुझी,
ओडील


८ एप्रिल

ती. मामास,
क्लेमांसचा सा. न.

आई आणि तू कार्बनवर भांडा, मला लग्न करायचं आहे. मी ठरवलं आहे की त्या सकाळी मी आईच्या घरातून निघणारच नाही. आई ज्या घरात जन्मली त्या, म्हणजे तुझ्या पंपावरच्या घरातून निघेन. पांढरा झगा घालून पंपाच्या छपराखाली उभी राहीन आणि तू हात देईपर्यंत हलणार नाही. गाडी नको, चालतच जाऊ. झग्याला तेलाचा डाग पडला तर तो मिरवेन.

मामीला सांग, केस तीच बांधणार आहे.

तुझी,
क्लेमांस


१६ मे

चि. ओडीलला,
अनेक आशीर्वाद, या वेळी न मोजता.

फोन आता उचलतो, पण हे लिहूनच बरं.

लग्नाच्या सकाळी मी पंपाला साखळी लावली. वहिनीने पाटी लिहिली, आज लग्न आहे. साखळी शोधायलाच वेळ गेला, कारण ती कधी लागलीच नव्हती. बाबांच्या वेळीही नाही. ते स्वतःच म्हणायचे की आपला पंप बंद दिसला तर लोकांना वाटेल घरात काहीतरी वाईट झालं. त्यांना पुरलं त्या दिवशीही मी त्यांचंच ऐकलं. तुझ्या मनाकडे बघायला हवं होतं.

तुमच्या बाजूच्या गाड्या साखळीपाशी येऊन भोंगे वाजवत होत्या. क्लेमांस बाहेर आली तसे भोंगे थांबले. एका ट्रकवाल्याने टोपी काढली. आम्ही रस्ता ओलांडला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मी रडलो नाही. पेट्रोलच्या वासाने माझे डोळे चुरचुरतात हे तुला माहीत आहे. फक्त त्या दिवशी पंप बंद होता.

एक विनंती. माझ्या पंपातून दिवसभर थेंब गेला नाही. तुझ्या मुलांना सांग, आमच्या रेषेत त्या दिवसाचा एक खड्डा काढा.

तुझा,
दादा


२५ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं, अंगठीचं सोडून. मुलांनी लगेच हिशेब केला. तुझ्याकडून परतलेली प्रत्येक गाडी शेजारच्या पंपावर जाऊन भरली, त्यामुळे देशाच्या आकड्यात काहीच कमी झालं नाही. शिवाय वर्षाच्या तक्त्यात एक दिवस दिसतच नाही. नियमाने तुला खड्डा मिळत नाही.

ते मी मुलांना समजावून सांगितलं, त्यांच्या वहीत बरोबरची खूण केली. सगळे घरी गेल्यावर पेन्सिलीला टोक काढलं आणि मिशीवाल्याच्या पायाशी रेष थोडी खाली नेऊन परत वर आणली. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तक्त्यात तेवढी एकच चूक आहे आणि ती मी पुसणार नाही.

वहिनीला सांग, रविवारी शेंगा माझ्याही शिजव. चालत येते.

तुझी धाकटी,
ओडील