नव्वदीच्या फोटोतला दादा

हूऑनव्हिल, १२ मार्च

तीर्थस्वरूप लायनेलदादास, धाकट्या डेस्मंडचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? परतीच्या बोटीला समुद्र खवळलेला होता असं रेडिओवर ऐकलं. पोटातलं पोटातच राहिलं असेल अशी आशा आहे. इकडे सफरचंदांची तोडणी जोरात आहे, आई ठणठणीत आहे आणि माझी बायको नोरीन (कपडे धुण्याच्या खोलीवरून) माझ्याशी बोलत नाही. ते का, हे सांगायलाच बसलो आहे.

आईच्या नव्वदीला तू आलास, नऊ वर्षांनी आलास ("दुकानातलं ख्रिसमस पुडिंग काही वाईट नसतं" एवढ्या तुझ्या एका वाक्यावर तू आणि आई, तुम्ही दोघांनी नऊ वर्षं अबोला धरलात, धन्य आहे), काळा कोट आणि काळी हॅट घालून व्हरांड्यात सगळ्यांच्या मागे फोटोपुरता उभा राहिलास आणि चहाआधीच निघून गेलास. आई मला एवढंच म्हणाली, "पाची पोरं एका चौकटीत हवीत. मग मी डोळे मिटायला मोकळी." (तिला घाई अजिबात नाही. परवाच नवे बूट घेतले.)

आता माझी चूक. ढग फार सुंदर होते, ते उठून दिसावेत म्हणून मी आपल्या लाकडी कॅमेऱ्यावर नारिंगी काच चढवली. ती चढवली की फिल्मला चौपट उजेड द्यावा लागतो, हे मी गेली तीस वर्षं क्लबातल्या नवशिक्यांना ओरडून शिकवतो. त्या दिवशी, लांब दोरीने शटर ओढून मलाही चौकटीत बसायचं होतं त्या गडबडीत, स्वतःच विसरलो. वहीच्या पानाएवढ्या दोन्ही फिल्म उपाशी राहिल्या. पहिली नेहमीसारखी डेव्हलप करून खिडकीशी धरली, तर ढग झकास, आईच्या पाव्हलोव्हा केकची भेग न् भेग स्पष्ट, आणि सावलीतला व्हरांडा म्हणजे नुसती कोरी, आरपार दिसणारी फिल्म. तू नव्हतासच.

उरली एक. औषध कडक करून भागत नाही. त्याने केक आणखी उजळतो आणि दादा अंधारातच राहतो. म्हणून औषध अगदी पातळ करायचं, फिल्म त्यात सोडायची आणि तासभर हलवायची नाही. उजेडातली मंडळी आपल्या वाट्याचं औषध भराभर संपवून गप्प बसतात आणि सावलीतल्यांना सावकाश जेवता येतं. तेव्हा भर दुपारी धुण्याच्या खोलीच्या खिडकीला ब्लँकेटं ठोकून मी मिट्ट काळोखात तासभर उभा राहिलो, पोटात तीन कप चहा घेऊन. बाहेरून नोरीन दार बडवत होती. "डेस, जिवंत आहेस ना? चादरी कधीच्या भिजत पडल्यात!" मी ओरडलो, "थांब, दादा येतोय!" ती म्हणाली, "त्याला यायला नऊ वर्षं लागली. माझ्या चादरींना तेवढा वेळ नाही."

आणि तू आलास की! कागदावर उतरवल्यावर व्हरांड्याच्या काळोखात एक उभी फिकट रेघ दिसली. नोरीन म्हणाली, हा पन्हळीचा पाइप. मी म्हणालो, कोटाची कड. आईने भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं आणि रेघेवर बोट ठेवलं. "हा माझा लायनेल. रुसला की अस्साच ताठ उभा राहतो." मला फार बरं वाटलं रे. फोटो आता शेकोटीवरच्या फळीवर आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
डेस्मंड

ता. क. तिसरी एक फिल्म भरलेली शिल्लक आहे. ईस्टरला ये. पुढच्या रांगेत, आईशेजारी, हॅट न घालता. नारिंगी काच मी नोरीनकडे कुलपात दिली आहे.

आणखी ता. क. आई शेजारी बसून सांगते आहे ते जसंच्या तसं लिहितो: "येताना तुझं ते दुकानातलं पुडिंग आण. खाऊन बघते. वाईट असलं तर तोंडावर सांगेन."

शेवटचं ता. क. आईला डुलकी लागली आहे म्हणून लिहितो. काल फोटो हातात घेऊन अंगणात उभा राहिलो आणि ताडून पाहिलं. पाइप बरोबर त्या रेघेच्या जागी आहे. तू त्याच्या दोन हात डावीकडे उभा होतास, मला पक्कं आठवतं. आई रोज सकाळी फोटोतल्या त्या पाइपाला विचारते, "उठलास का रे?" माझ्याच्याने तिला सांगवत नाही. तू ये.