दोन्ही पात्यांस शेवटचा रामराम

मी, तुकाराम गोविंद माळवदे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिंपीकाम, राहणार देवास, मराठी समाजाच्या दत्तमंदिरात एकेचाळीस वर्षे पोथी वाचणारा आणि कीर्तन करणारा बुवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. समाजाच्या कार्यकारिणीतल्या एकाने तरी असं सर्टिफिकेट आणून दाखवावं.

येत्या पौर्णिमेनंतर मी पीथमपूरला मुलाकडे कायमचा राहायला जातो आहे. मंडळींचा मी ऋणी आहे. कशाबद्दल, ते कलमवार येईलच.

कलम १. दुकान आणि मागच्या दोन खोल्या मुलगा धीरज यास. त्यांचं काय करायचं ते मात्र सून अल्पना हिने ठरवावं. धीरज शिफ्टहून आला की जेवायचं की झोपायचं एवढंही त्याला ठरवता येत नाही.

कलम २. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री शेजारच्या जमुनाबाईस. दत्ताची वस्त्रं तीस वर्षं मी बेतली आणि तिने हातशिलाई केली. कार्यकारिणीने तिचा एकदाच सत्कार केला. नारळ दिला, तो नासका निघाला. ती म्हणाली, "बुवा, जाऊ द्या, देवाने थोडाच दिला?" तिच्या जागी मी असतो तर तो परत नेऊन अध्यक्षांच्या पायरीवर फोडला असता.

कलम ३. माझी मोजपट्टी कार्यकारिणीस. देवासला एके काळी एकाच घराण्याच्या दोन शाखांचे दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं कधीच बुडाली, पण प्रसादाची पहिली वाटी थोरल्या पातीला की धाकटीला, यावर अध्यक्ष वीरेंद्र मोहिते आणि सचिव शुभंकर घाटगे अजून भांडतात. एका दत्तजयंतीला या वादात शिरा गार झाला आणि त्याला मुंग्या लागल्या. माझे आजोबा दोन्ही दरबारांचे तंबू शिवायचे. कापड एकाच गठ्ठ्यातलं असायचं. मोजपट्टी घेऊन दोघांनी एकमेकांची मापं काढत बसावं, नाहीतरी दुसरं काम त्यांना येत नाही.

कलम ४. परवाच्या गुरुवारी निरोप समारंभात मिळालेली शाल मंदिराच्या पायपुसण्यासाठी. लोकर म्हणून दिली, पण शिंप्याला कापड शिकवू नये.

त्याच समारंभात शुभंकरने माईकवर मानपत्र वाचलं: "आदरणीय बुवांनी एकेचाळीस वर्षे समाजाला शिक्षा दिली आणि आमच्या मराठीसाठी अखंड चेष्टा केली." टाळ्या पडल्या. हिंदी शाळेत शिकलेल्यांना शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कळतं. मी उपरण्यात तोंड लपवून हसलो. वीरेंद्र शुभंकरला म्हणाला, "देखो भिया, बुवांना रडू आलं."

घरी येऊन मानपत्र पुन्हा वाचलं आणि हसू येईना. मराठीत वाचलं तरी त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मसुदा वीरेंद्रची मुलगी रुची हिचा, असं मागाहून समजलं. सहा वर्षांपूर्वी ही मुलगी आपण होऊन पोथीला बसली होती. ळ तिच्या जिभेवर बसेना. "दत्ताच्या गळ्यात माळ" ऐवजी तिने "गल्यात माल" वाचलं. मी व्यासपीठावरून म्हणालो, "माल गल्ल्यात नाही ग बाई, तुझ्या बाबाच्या घरी आहे." सगळं मंदिर हसलं. वीरेंद्रही हसला, कारण त्याला कळलंच नाही. रुची पोथी मिटून खाली उतरली. त्यानंतर ती वाचायला आली नाही आणि दुसरं कोणीही आलं नाही. समाजात कोणाला वाचता येत नाही म्हणून मी इतकी वर्षं गावभर बोंब मारली. वाचणारी आली होती, तिला मीच उठवलं. त्याची मला लाज वाटते.

कलम ५. माझ्या वडिलांच्या हातचं पदांचं आणि आरत्यांचं बाड. तीनशे दहा पानं, शाई अजून काळी. त्यातली निम्मी पदं दुसरीकडे कुठे लिहिलेली नाहीत. पहिल्या मसुद्यात मी ते इंदूरच्या एका ग्रंथालयाला दिलं होतं, इथल्या गाढवांपुढे गीता नको म्हणून. ते खोडलं आहे. बाड रुची वीरेंद्र मोहिते हिला, आणि माझ्या मरणाची वाट न पाहता आजच. तिने ते दर गुरुवारी मंदिरात मोठ्याने वाचावं. चुकलं तर चुकावं. ते घ्यायचं की नाही हे तिने ठरवावं. तिच्यावर माझा काही हक्क उरलेला नाही.

कलम ६. मला पीथमपूरलाच जाळावं. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर वीरेंद्रला बोलू देऊ नये.

हे मृत्युपत्र साक्षीदारांसमक्ष लिहून सही केली.

तुकाराम गोविंद माळवदे
देवास, ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
शुभंकर घाटगे (सही)
वीरेंद्र मोहिते (सही)

शेरा, वीरेंद्र मोहिते यांच्या हातचा: एवढी मराठी मला वाचायला जमत नाही. रुचीने पूर्ण वाचून ऐकवलं, मला शिव्या आहेत ते पण. तीन जागी अटकली. बुवा समोरच बसले होते. एकदाही चूक काढली नाही.