मागचं बकल

दि. ११ मार्च

ती. ताईला नमस्कार.

इकडे ठीक आहे. ही आणि बाळ तुझ्याकडे राहायला आल्याला आज सदतीस दिवस झाले. बाळाच्या कपाळाचे टाके केव्हाच काढले, असं हिने फोनवर सांगितलं. व्रण राहील का, ते कुणी सांगत नाही.

बाळाला छातीशी बांधायची नवी झोळी आणली. चार दुकानं फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "बाईसाहेबांना पाठवा, त्यांना कळतं यातलं." म्हटलं, "त्या नणंदेकडे रुसून बसल्यात." तो हसला. मग माझी रिकामी डावी बाही दिसली आणि हसू गिळलं.

या झोळीचं बकल पुढे आहे, एका हाताने लागतं. कारखान्यात दप्तरांचे पट्टे ओढून तपासतो, तसे या झोळीचेही तपासले. रोज आठ किलो वाळू बांधून जिना चढतो, उतरतो. बसूनच बांधायचं, 'टक' ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वाळू खेळवतोस होय रे?"

म्हटलं, "ती निदान माझ्याकडे राहते."

आता तू भेट दिलेल्या झोळीविषयी. तिचं बकल मागे, पाठीवर. त्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात हिला म्हणालीस, "दोन हातांच्या बापांना जमत नाही, हा काय सांभाळणार?" भिंत पातळ आहे, ताई. बकल लावायला मी तुलाच हाक मारणार होतो. नाही मारली. बसल्या बसल्या पाठ दाराच्या खालच्या कडीवर दाबून बघितलं. 'टक' झालं नाही. मला ठाऊक होतं. तरी उठलो, आणि बाळ झोळीतून खाली पडलं.

बकल तुटलं, असं मी सर्वांना सांगितलं. तू ती झोळी विकणाऱ्या दुकानदाराला चारचौघांत झापून आलीस. बकल धड होतं. तुम्ही बाळाला घेऊन दवाखान्यात गेलात. गाडीत जागा होती, पण मला कुणी 'बस' म्हणालं नाही. तेव्हा घरी मी ते हातोडीने फोडलं.

"मी म्हणत होतेच," असं तू म्हणशील. म्हण. पण तोंडावर म्हण, भिंतीआडून नको.

रविवारी सकाळी दहाला त्यांना न्यायला येतो. बाळाला मी बांधीन. नंतर तू पट्टे हवे तितके ओढून बघ. तोवर मात्र दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहा. एकदा तूही बघ, कसं वाटतं ते.

तुझा धाकटा भाऊ,
आणि तुझ्या घरी असलेल्या बाळाचा बाप