सचोटीचा कोरा रकाना

लिहून ठेवणार सोपान सीताराम पडवळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, केंद्र सरकारचा निवृत्त सहसचिव, राहणार कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे. हे माझे अखेरचे इच्छापत्र. याआधी दोन केली होती. ती दोन्ही मी स्वतः चुलीत घातली आणि राख होईपर्यंत तिथून हललो नाही. तेव्हा माझ्यामागे कोणी आणखी एखादे काढून दाखवले, तर ते बनावट समजावे.

माझी बुद्धी शाबूत आहे. लोणावळ्याच्या डॉ. सविता शिर्के यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी मला आजचा वार विचारला. भिंतीवर कॅलेंडर असताना तो माझ्याकडूनच कशाला हवा, असे मी उलट विचारले. त्या हसल्या आणि त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. इतक्या लगेच का दिला, याचा विचार मी दोन दिवस केला.

कलम १. कुरवंडे येथील नागफणीच्या कड्याच्या बाजूचे माझे राहते घर मुलगा संदेश यास द्यावे. संदेशवर माझी माया आहे, विश्वास बेताचा आहे. गेल्या दिवाळीत तो ओसरी पावलांनी मोजत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "काही नाही आबा, पाय मोकळे करतोय." पाय मोकळे करणारा माणूस तोंडाने आकडे म्हणत नाही. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना घर भाड्याने द्यायचा त्याचा बेत असावा. खुशाल द्यावे. पण मागची खोली, जिथे त्याची आई कस्तुरा गेली, ती कोणालाही देऊ नये. ती वाचत बसायला नात सृष्टीची राहील.

कलम २. पलीकडच्या बंगल्याचे कुंपण दरवर्षी पावसाळ्यानंतर हातभर आमच्याकडे सरकते. त्याचे तारीखवार फोटो कपाटात आहेत. संदेशने भांडू नये, नुसते फोटो दाखवावेत.

कलम ३. लोखंडी कपाट, त्याच्या दोन्ही कुलपांसह, सृष्टीला. ती केंद्रीय सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. कपाटात माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीतले बदलीचे आणि बढतीचे सगळे आदेश आहेत. १९७४ साली मी दिल्लीत सहायक म्हणून लागलो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, संचालक आणि शेवटची चार वर्षे सहसचिव. आमच्यासारख्या खालून लागलेल्याला याच्या वर सहसा जाता येत नाही. मी तिथवर पोचलो त्याचे कारण लोक हुशारी सांगतात. खरे कारण असे, की मी कोणाच्याही शब्दावर सही केली नाही. प्रत्येक कागद दोनदा वाचला, सहीखाली तारीख घातली आणि प्रत जपून ठेवली.

बाळ सृष्टी, पदांची ही शिडी तुला शिकवणीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवतील. शिडी धरणारा माणूस फळ्यावर नसतो. वर्षातून एकदा तुझा वरिष्ठ तुझा गोपनीय अहवाल लिहितो आणि पुढे वीस वर्षे तू त्या चार ओळींवर चढतेस किंवा अडतेस. एक दिवस असे अहवाल तूही लिहिशील. तेव्हा पुढचे कलम पुन्हा वाच.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. मी ते चार वेळा लिहून चार वेळा फाडले आहे.

गोपनीय अहवालात सचोटीचा एक रकाना असतो. माणूस स्वच्छ असेल तर तिथे 'संशयातीत' असे लिहायचे. संशय असेल तर रकाना कोरा ठेवायचा, वेगळी गुप्त टिपणी लिहायची, चौकशी करायची आणि निकाल लागला की रकाना भरायचा. नियम चांगला आहे. तो मला तोंडपाठ होता.

१९९५ साली मी अवर सचिव होतो आणि औंढ्याचे कैलास बाळू केदारी माझ्या हाताखाली कक्ष अधिकारी होते. आपल्या मावळातला माणूस, म्हणून मी त्यांच्यावर इतरांपेक्षा जास्त नजर ठेवून होतो. गाववाल्याला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, हीच मला धास्ती. एके सकाळी कचेरीसमोर ते एका पुरवठादाराच्या गाडीतून उतरताना मी पाहिले. त्या पुरवठादाराची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी त्यांना काही विचारले नाही. विचारले तर माणूस सावध होतो, असे आम्हाला शिकवले होते. त्या वर्षी मी त्यांचा रकाना कोरा सोडला.

आठवड्याभरात मला बढती मिळाली आणि मी दुसऱ्या मंत्रालयात गेलो. गुप्त टिपणी लिहिलीच नाही, कारण लिहायला पुरावा नव्हता. रकाना भरलाही नाही, कारण संशय होता. बढतीच्या समितीसमोर तो कोरा चौकोन दरवेळी उघडला गेला आणि दरवेळी कैलासरावांचे नाव मागे राहिले. मी सहसचिव झालो. ते अवर सचिव म्हणूनच निवृत्त झाले, तेही शेवटच्या दोन वर्षांपुरते.

त्या गाडीचा चालक आमच्याच कुरवंड्याचा धोंडिबा होता, हे मला २०१४ साली, आईच्या दहाव्याला कळले. माझी आई भागुबाई. धोंडिबा माझ्याशेजारी बसून सांगू लागला, "सायेब, म्हातारीचा लय जीव तुमच्यावर. एकदा कैलासच्या डोक्यावर तांदळाचं पोतं दिलतं, दिल्लीला. मी स्टेशनावर मालकाला सोडाया गेलतो, तर ह्यो पोतं घिऊन उभा. म्हनलं, बस गाडीत, कुटं वढत नेतोस? तर न्हाई म्हनत व्हता. मीच जबरीनं बसिवला, पोतं डिकीत टाकलं अन् कचेरीम्होरं सोडला."

ते पोते त्याच आठवड्यातल्या रविवारी कैलासरावांनी माझ्या घरी आणून दिले होते. इंद्रायणीचा नवा तांदूळ. आम्ही तो तीन महिने खाल्ला. त्याचा भात जेवून उठलो आणि त्याच हाताने मी तो रकाना कोरा ठेवला.

हे कळून अकरा वर्षे झाली. मी कैलासरावांना सांगितले नाही. मला लाज वाटली. निवृत्तीनंतर ते औंढ्याला परतले आणि दर सुगीला एक पोते तांदूळ माझ्या दारात आणून ठेवतात. पैसे घेत नाहीत. चहा घेतात आणि जातात. त्यांच्या मनात काय आहे, त्यांना काय हवे आहे, हे मी दरवर्षी ताडायचा प्रयत्न केला. कागदपत्रात काही सापडले नाही. माझ्या संशयी स्वभावाने माझे फार काही बिघडवले नाही, असे मी समजत होतो. ते खरे आहे, माझे नाही बिघडवले.

तरी आज, तीस वर्षे उशिराने, अहवाल लिहिणारा अधिकारी या नात्याने मी तो रकाना भरतो.

श्री. कैलास बाळू केदारी. सचोटी: संशयातीत.

याचा सरकारदरबारी आता काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

कलम ५. भैरोबाच्या माळाखालचे भाताचे खाचर संदेशला. माझी त्याला विनंती, की दर सुगीला तिथला एक पोते इंद्रायणी तांदूळ त्याने औंढ्याला केदारींकडे पाठवावा. ही देणगी समजू नये. साक्षीदाराला काही ठेवू नये हे मला कळते, म्हणून कैलासरावांना मी काहीही ठेवलेले नाही.

कारण या इच्छापत्राचे पहिले साक्षीदार तेच आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांना मीच शिकवले आहे. आत्ता ते समोरच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले आहेत. मला तोंडाने सांगता आले नाही, म्हणून हा मार्ग. वाचून त्यांनी सही नाकारली तर त्यांच्या जागी वेगळा साक्षीदार बघावा आणि त्यांना कोणी आग्रह करू नये.

ठिकाण: कुरवंडे. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५.

(सही) सोपान सीताराम पडवळ

साक्षीदार दुसरा: (सही) डॉ. सविता शिर्के, लोणावळा. मजकूर वाचलेला नाही. पडवळ यांची सही माझ्यासमोर झाली. पहिले साक्षीदार अजून वाचत आहेत.

साक्षीदार पहिला: (सही) कैलास बाळू केदारी, औंढे. मजकूर दोनदा वाचला. कलम ४ मध्ये दुरुस्ती: साल १९९५ नसून १९९४. रकाना कोरा आहे आणि तो कोणी ठेवला, हे मला २००९ साली माहितीच्या अधिकारात कळले होते. तेव्हा पुष्कळ राग आला होता. तांदळाचे म्हणाल तर ते पहिले पोते देताना भागुबाई म्हणाल्या होत्या, "माझा सोपान तितं एकला हाय, त्याला दर साली पोचता करत जा." मी व्हय म्हणालो होतो. त्यात तुमचा काही संबंध नाही. कलम ५ बाबत: पोते पाठवू नये. संदेशने स्वतः घेऊन यावे, गाडी कोणाची का असेना.